जुना पार्ट ‘ओके’ सांगून विकला, निघाला वेगळाच. पैसे परत कसे मागायचे?

समजा, पाथर्डी तालुक्यातल्या एका गावातून रोज पहाटे दुधाचे कॅन घेऊन जाणारी एक पिकअप आहे. तिचा गिअरबॉक्स गेला. नवीन बसवणं परवडणारं नाही, म्हणून मालकाने मोबाईलवर जुन्या सामानाच्या जाहिराती चाळल्या. राहुरी तालुक्यातल्या एकाने फोटो टाकला होता: ‘२०१८ च्या गाडीचा गिअरबॉक्स, चालू गाडीतून काढलेला, एकदाही खोललेला नाही, पाचही गिअर ओके, १८ हजार फिक्स.’ फोनवर बोलणं झालं. ‘काही टेन्शन घेऊ नका दादा, मी स्वतः चालवलेली गाडी आहे,’ असं समोरून सांगितलं गेलं. १८ हजार यूपीआयने गेले आणि गिअरबॉक्स टेम्पोतून गावात आला.

मिस्त्रीने नुसता वरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘हा आधी खोललाय. जोडावर सिलिकॉन नवीन आहे, बोल्टांना पान्याच्या खुणा आहेत.’ आत पाहिलं तर तिसऱ्या गिअरचे दात झिजलेले आणि तळाच्या ऑइलमध्ये लोखंडाचा चुरा. विक्रेत्याला फोन लावला. उत्तर ठरलेलं: ‘जुना माल आहे, जुन्या मालाला गॅरंटी नसते. घेतानाच बघून घ्यायचं ना.’

इथे बहुतेक जण गप्प बसतात. गाडी बंद, दुधाची फेरी बंद, १८ हजार गेले ते वेगळेच आणि वर ‘आपलीच चूक’ म्हणून मनाची समजूत. पण विक्रेत्याचं ते वाक्य अर्धंच खरं आहे.

‘खराब निघाला’ आणि ‘सांगितला तसा नव्हता’

जुन्या वस्तूला आपोआप गॅरंटी मिळत नाही, हे बरोबर. मालविक्री कायदा, १९३० हा आजही लागू आहे. त्यात माल चांगल्या प्रतीचा असल्याची जबाबदारी प्रामुख्याने तशा मालाचा धंदा करणाऱ्यावर टाकलेली आहे. घरी पडलेला एक गिअरबॉक्स विकणारा माणूस दुकानदार नाही. त्याने काहीच न सांगता ‘हा आहे, बघा, पटला तर न्या’ म्हणून विकला आणि तो पंधरा दिवसांनी बसला, तर त्याच्याकडून पैसे मागायला फारसा आधार उरत नाही.

पण त्याच कायद्याच्या कलम १५ मध्ये दुसरी गोष्ट आहे. वर्णन सांगून माल विकला असेल, तर माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. ही अट दुकानदाराला जशी लागू आहे, तशी घरगुती विक्रेत्यालाही आहे. माल जुना आहे की नवा, याने इथे फरक पडत नाही. ‘एकदाही खोललेला नाही’ असं सांगून खोललेला गिअरबॉक्स दिला, तर प्रश्न गॅरंटीचा राहत नाही. सांगितलं एक आणि दिलं दुसरं, असा तो प्रश्न होतो. व्यवहार तोंडी झाला, कागद केला नाही, तरी चालतं. तोंडी विक्रीसुद्धा कायद्याने विक्रीच असते. अडचण येते ती फक्त सिद्ध करायची.

म्हणून विक्रेत्याशी बोलताना ‘पार्ट खराब निघाला’ हे वाक्य वापरू नये. तो लगेच म्हणणार, जुना आहे, होणारच. त्याऐवजी ‘तुम्ही अमुक सांगितलं होतं, निघालं तमुक’ एवढ्यावरच ठाम राहावं. सगळी बाजू या एका वाक्यावर उभी राहते.

आता कोणतं बोलणं वर्णन धरायचं, हे बघू. ‘एक नंबर माल’, ‘टॉप कंडिशन’, ‘घेऊन तर बघा’ ही झाली मालाची तारीफ. बाजारात प्रत्येक जण आपल्या बैलाला सोन्याचा म्हणतो, त्यावर दावा टिकत नाही. पण २०१८ च्या गाडीचा, बीएस-४ गाडीचा, न खोललेला, वेल्डिंग न केलेला, पाचही गिअर पडतात, इतके किलोमीटर चाललेला, ओरिजिनल कंपनीचा, या सगळ्या तपासून खऱ्या-खोट्या ठरवता येणाऱ्या गोष्टी आहेत. त्यातली एक जरी खोटी निघाली, तरी हातात काहीतरी येतं.

‘माझ्या गाडीला बसेल का?’ हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. आपण मॉडेल आणि साल सांगून विचारलं आणि त्याने ‘बसेल’ म्हणून सांगितलं, तर न बसल्याची जबाबदारी त्याच्यावर येते. आपण काहीच न विचारता जाहिरातीतला पार्ट उचलला आणि तो दुसऱ्या मॉडेलचा निघाला, तर मात्र चूक आपली. हा प्रश्न फोनवर न विचारता व्हॉट्सॲपवर लिहून विचारावा आणि त्याचं उत्तरही लेखीच घ्यावं. ‘भाऊ, हा कधी खोललाय का? वेल्डिंग वगैरे काही केलंय का? कुठल्या सालच्या गाडीचा?’ एवढं टाइप करायला दोन मिनिटं लागतात. जो माणूस फोनवर तासभर बोलतो पण या तीन प्रश्नांना लिहून उत्तर देत नाही, त्याच्याकडून न घेतलेलंच बरं.

गप्प राहणं वेगळं, खोटं बोलणं वेगळं

भारतीय करार कायदा, १८७२ यात हा फरक स्पष्ट आहे. विक्रेत्याने एखादा दोष स्वतःहून सांगितला नाही, तर नुसत्या गप्प बसण्याला साधारणपणे फसवणूक म्हणत नाहीत. पण माहीत असून खोटं सांगितलं, किंवा दोष दिसू नये म्हणून वरून रंग मारला, तडा एम-सीलने बुजवला, तर ती फसवणूक. आणि समजा त्यालाही खरंच माहीत नव्हतं, त्याने आधीच्या मालकाचं ऐकून ‘न खोललेला’ म्हणून सांगितलं, तरी ते चुकीचं कथन ठरू शकतं. दोन्ही प्रकारांत फसलेल्या माणसाला तो करार रद्द करून पैसे मागण्याचा मार्ग आहे. मात्र दुसऱ्या प्रकारात, साध्या नजरेने पाहिलं असतं तर कळलं असतं, असा बचाव विक्रेता घेऊ शकतो.

‘जसा आहे तसा’ या अटीवर घेतलं असेल तर? अशी अट ठरली असेल तर खरेदीदाराची बाजू बरीच कमजोर होते. तरीही जाणूनबुजून सांगितलेलं खोटं त्या तीन शब्दांआड लपत नाही.

पार्ट आल्यावरचा पहिला दिवस

पैसे परत मिळणं बहुतेक वेळा याच दिवशी ठरतं. घाई गाडी सुरू करायची असते, दूध थांबत नाही, म्हणून मिस्त्री म्हणतो, ‘आता आलाच आहे तर दात बदलून टाकू, तीन-चार हजारांत भागेल.’ इथेच गडबड होते. पार्ट दुरुस्त केला, त्यात सुटं सामान टाकलं किंवा तो बसवून गाडी आठवडाभर पळवली, की आपण तो माल स्वीकारला असा अर्थ निघतो. एकदा स्वीकारला की माल परत करून पूर्ण पैसे मागण्याचा हक्क सहसा जातो. फार तर नुकसानभरपाई मागता येते आणि ती रक्कम किती, यावर वाद चालत राहतो.

तपासून पाहणं म्हणजे स्वीकारणं नव्हे. तपासायला पुरेशी संधी कायदा देतो. पण तपासून झाल्यावर ‘बघू, करू’ म्हणत महिना घालवला, तर तेही स्वीकारल्यासारखंच धरलं जातं.

म्हणून पार्ट आला की गाडीवरून उतरवतानाच मोबाईलवर व्हिडिओ घ्यावा. चारही बाजू, पार्टवरचे छापील नंबर, सिलिकॉनचा जोड, बोल्ट, सगळं न थांबवता एकाच व्हिडिओत आलं तर उत्तम. वरून शंका आली तर खोलण्याआधी विक्रेत्याला मेसेज टाकावा: ‘जोडावर सिलिकॉन दिसतंय, उद्या सकाळी मिस्त्रीकडून खोलून बघणार आहे, तुम्हाला यायचं असेल तर या.’ तो बहुधा येणार नाही. पण नंतर ‘तुमच्याच मिस्त्रीने मोडला’ असं म्हणायला त्याला जागा राहत नाही. खोलतानाचाही व्हिडिओ घ्यावा. काढलेलं ऑइल फेकू नये, चुऱ्यासकट बाटलीत ठेवावं.

मिस्त्रीकडून साध्या कागदावर चार ओळी लिहून घ्याव्यात: काय तपासलं, काय दिसलं, तारीख, सही, गॅरेजचा शिक्का असेल तर शिक्का. पुष्कळ मिस्त्री सही करायला कचरतात, ‘कोर्टाच्या भानगडीत नको’ म्हणतात. त्यांना एवढंच सांगावं की कोण चोर ते लिहायचं नाही, गिअरचे दात झिजलेत एवढंच लिहायचं.

पुरावा मोबाईलमध्येच असतो, पण टिकवावा लागतो

पार्ट विकला गेला की जाहिरात काढून टाकली जाते. ती पैसे देण्याआधीच स्क्रीनशॉट घेऊन ठेवावी. चॅटच्या स्क्रीनशॉटमध्ये सेव्ह केलेलं नाव दिसून उपयोग नाही, मोबाईल नंबर दिसला पाहिजे. ‘गिअरबॉक्सवाला’ या नावावरून कुणालाच काही कळत नाही. मेसेज ठरावीक वेळाने आपोआप गायब होण्याची सेटिंग चालू असेल, तर ती आधी बंद करावी. संपूर्ण चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवलं तर मोबाईल पाण्यात पडला तरी काळजी नाही. यूपीआयच्या पावतीतला व्यवहार क्रमांक आणि पैसे घेणाऱ्याचं बँकेतलं नाव जपून ठेवावं. पुष्कळदा जाहिरातीतलं नाव एक आणि बँकेतलं दुसरंच असतं.

प्रकरण कोर्टापर्यंत गेलं तर डिजिटल पुराव्यासोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून देतात. मूळ मोबाईल मात्र विकू नये आणि फॉरमॅटही मारू नये.

मेसेज काय पाठवायचा?

फोनवर भांडण्यात अर्थ नाही. एक शांत, तारखांसह लिहिलेला मेसेज दहा फोनपेक्षा जास्त काम करतो. उदाहरणार्थ:

‘नमस्कार. अमुक तारखेला तुमच्याकडून गिअरबॉक्स १८,००० रुपयांना घेतला. जाहिरातीत आणि फोनवर तुम्ही तो एकदाही खोललेला नाही आणि पाचही गिअर ओके आहेत, असं सांगितलं होतं. अमुक तारखेला मिस्त्रीने तपासल्यावर तो आधी खोललेला असल्याचं आणि तिसऱ्या गिअरचे दात झिजल्याचं दिसलं. फोटो आणि व्हिडिओ सोबत पाठवत आहे. सांगितलेल्या वर्णनाप्रमाणे माल नसल्याने मी तो स्वीकारत नाही. गिअरबॉक्स गाडीला बसवलेला नाही, जसा तपासला तसाच ठेवला आहे. तुम्ही येऊन पाहू शकता आणि घेऊन जाऊ शकता. अमुक तारखेपर्यंत १८,००० रुपये आणि टेम्पोचं भाडं परत करावं.’

सात ते दहा दिवसांची मुदत पुरेशी आहे. ‘मी तो स्वीकारत नाही’ हे शब्द मेसेजमध्ये असलेच पाहिजेत. विक्रेता पुष्कळदा म्हणतो, ‘आधी पार्ट माझ्या दारात आणून टाका, मग पैशाचं बघू.’ वेगळं काही ठरलेलं नसेल, तर नाकारलेला माल परत नेऊन देण्याची सक्ती खरेदीदारावर नाही. नाकारल्याचं कळवणं पुरे, असं मालविक्री कायद्याचं कलम ४३ सांगतं. ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. पार्ट एकदा त्याच्या दारात गेला आणि पैसे हातात आले नाहीत, की मग आपल्याकडे ना गिअरबॉक्स ना पैसे.

शिवीगाळ, ‘पोलिसात टाकीन’, ‘तुझ्या गावात येऊन बघतो’ हे लिहू नये. विक्रेत्याचा फोटो ‘चोर’ म्हणून गावाच्या ग्रुपवर फिरवू नये. उलट तोच बदनामीची तक्रार घेऊन उभा राहतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

मेसेजला उत्तर नाही आलं, तर हाच मजकूर कागदावर लिहून स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती जपावी. वकिलाची नोटीस परवडत असेल तर तिचा धाक जास्त, पण स्वतः लिहिलेलं पत्रही चालतं.

पैसे परत येताना दुसरी फसवणूक

‘रिफंड पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका,’ असा मेसेज आला तर तिथेच थांबावं. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. लिंक उघडणं, कुठलंतरी ॲप टाकणं, ओटीपी सांगणं, हेही नको. आपला यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक द्यावा, पाठवणारा त्यावर पाठवेल.

दाद कुठे मागायची?

विक्रेता ऐकत नसेल तर आधी हे बघावं की तो नक्की कोण आहे. त्याच्या नावावर आणखी दहा पार्टच्या जाहिराती दिसतात का? तो भंगारचा किंवा जुन्या स्पेअर पार्टचा धंदा करतो का? गॅरेजवाला आहे का? तसं असेल तर तो घरगुती विक्रेता नाही, व्यापारी आहे. मग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वापरता येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आधी तक्रार नोंदवावी. नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जावं. खरेदीदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची. ‘गाडी धंद्याची आहे, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असा आक्षेप समोरून येऊ शकतो. पण जो स्वतः गाडी चालवून त्यावरच पोट भरतो, त्याला कायद्याने ग्राहक मानलं आहे. चार ड्रायव्हर ठेवून दहा गाड्या पळवणाऱ्याला ही सवलत मिळणं अवघड.

विक्रेता खरोखरच घरचा एकच पार्ट विकणारा असेल, तर ग्राहक आयोगात तक्रार टिकणं कठीण. तिथे वाट दिवाणी आहे. तीन वर्षांच्या आत दिवाणी न्यायालयात दावा लावता येतो. पण १८ हजारांसाठी तारखांवर तारखा, वकिलाची फी, बुडालेला रोज, हा हिशेब करूनच पाऊल उचलावं. आज रोख १५ हजार देऊन मिटवायला कुणी तयार असेल, तर पुष्कळांसाठी तोच सौदा फायद्याचा असतो. यात कमीपणा नाही.

मधली वाट म्हणजे लोकअदालत. तालुका न्यायालयाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते. दावा दाखल नसतानाही, म्हणजे दाखलपूर्व प्रकरण म्हणून, तिथे अर्ज देता येतो. समितीकडून समोरच्याला नोटीस जाते. खाजगी मेसेजला उत्तर न देणारी पुष्कळ माणसं या नोटिशीला येतात. तडजोड झाली की तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच ताकद असते आणि त्यावर अपील होत नाही. पण तडजोड दोघांच्या संमतीनेच होते, लोकअदालत कुणावर लादत नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक, दिव्यांग आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना वकीलही मोफत मिळू शकतो. माहितीसाठी १५१०० हा नंबर आहे.

दोघं एकाच गावचे किंवा शेजारच्या गावचे असतील, तर तंटामुक्त समिती किंवा दोन्हीकडच्या ओळखीची चार माणसं पुरतात. जुन्या पार्टचा व्यवहार बहुतेक वेळा कुणाच्या तरी ओळखीनेच झालेला असतो. त्या मधल्या माणसाला मिस्त्रीचा कागद आणि व्हिडिओ आधी दाखवावा. त्याच्यापुढे खोटं बोलणं विक्रेत्याला जड जातं.

पोलिसांकडे कधी जायचं?

‘हे दिवाणी प्रकरण आहे’ हे उत्तर पोलीस ठाण्यात मिळण्याची शक्यता मोठी आहे आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. वर्णन जुळलं नाही एवढ्यावर गुन्हा होत नाही, सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू दिसावा लागतो. खोटं नाव, दुसऱ्याच्याच पार्टचा फोटो, पैसे मिळताच नंबर ब्लॉक, त्याच फोटोवर आणखी कुणाला गंडवलेलं, असं काही असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार द्यावी. पूर्वीचं ४२० ते हेच. ठाण्यात घेतली नाही तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवता येते.

पार्ट आलाच नाही आणि ॲडव्हान्स घेऊन माणूस गायब झाला, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता आले तर याच नंबरमुळे. स्वतःला लष्करातला जवान सांगून, ओळखपत्राचा फोटो पाठवून ॲडव्हान्स मागणाऱ्यांचा प्रकार तर आता जुना झाला आहे, तरी लोक फसतात.

एक सावधगिरी इंजिन घेणाऱ्यांसाठी. इंजिनावर नंबर असतो आणि बदललेलं इंजिन आरटीओकडे नोंदवून आरसीवर चढवावं लागतं. ज्याच्याकडे मूळ गाडीचे कागद नाहीत, नंबर घासलेला आहे, त्याच्याकडचं इंजिन कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नये. ते चोरीचं निघालं तर पैसे तर जातातच, शिवाय पोलीस आपल्याच दारात येतात.

तडजोड ठरली तर पार्ट आणि पैसे एकाच वेळी हातोहात व्हावेत, शक्यतो आपल्याच गावात, मिस्त्रीच्या समोर. खात्यात रक्कम जमा झाल्याचा मेसेज स्वतःच्या बँकेकडून आला की नाही हे बघावं. समोरच्याने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये. मग गिअरबॉक्स टेम्पोत चढवतानाचा एक फोटो आणि साध्या कागदावर दोघांच्या सह्या: इतके रुपये मिळाले, अमुक नंबरचा गिअरबॉक्स परत दिला, अमुक तारीख.